बाबा, भंडारदरा आणि एक्सेल शीट

प्लॅन तसा फुलप्रूफ होता. आम्ही चौघी मैत्रिणी, दोन दिवस आणि एक एक्सेल शीट. शनिवारी सकाळी सहाला पुणं सोडायचं. दुपारी कयाकिंग, संध्याकाळी तलावाकाठी टेंट आणि बार्बेक्यू, रात्री दोनला उठून कळसूबाई, वर सूर्योदय. रविवारी सांदण दरी, जमलंच तर रॅपलिंग. आणि सोमवारी ‘काय मग, वीकेंड कसा गेला?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून दीडेकशे फोटो!

गुरुवारी रात्री एकीचं प्रोजेक्ट अडकलं. शुक्रवारी सकाळी दुसरीच्या बॉसनं ‘फक्त दोन तासांचा कॉल आहे’ म्हणत तिचा शनिवार खाल्ला. संध्याकाळी तिसरीला ताप भरला. एक्सेल शीटमध्ये मी एकटीच उरले. टेंटचे पैसे आगाऊ भरलेले, ते परत मिळणार नव्हते. मी वैतागून बॅग उपसायला घेतली, तेवढ्यात पेपरच्या आडून आवाज आला.

‘‘भंडारदरा ना? मी येतो.’’

बाबा! वय वर्षं बासष्ट, बँकेतून निवृत्त, गुडघा उजवा दुखरा आणि ट्रेकिंगचा अनुभव पर्वती. त्यांनी पेपर खाली केलाच नाही. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे बघितलं. कारण गेले दोन महिने आमच्या घरात बाबा आणि मी थेट बोलत नव्हतो. ‘तिला सांग जेवून घे’ आणि ‘त्यांना सांग भूक नाही’ असा सगळा कारभार आईच्या सर्व्हरवरून चालला होता.

कारण सांगते. मी अठ्ठावीस वर्षांची फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे बाबांच्या भाषेत ‘सध्या घरीच असते’. मला स्वतःचा वन बीएचके हवा होता. वाकडला एक बघितला, आवडला, टोकनही दिलं. डाउन पेमेंट कमी पडत होतं. बाबांच्या नावावर श्रीरामपूरकडे गावी दोन एकर जमीन आहे, चुलतकाका ती कसतात. मी जेवताना सरळ हिशोब मांडला, की वर्षाला दोन पोती गहू आणि थोडे पैसे मिळतात, विकली तर फ्लॅट होईल. ‘‘तिथं आपलं आहे काय आता, बाबा?’’ असंही म्हणाले. बाबांनी हात धुतला आणि ते उठून गॅलरीत गेले. हो नाही, नाही नाही. त्यानंतर सगळं आईमार्फत.

तर अशा प्रवासी जोडीनं दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळी सहाला पुणं सोडलं.

नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर...

पुण्याहून भंडारदरा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. नाशिक हायवेनं नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर आणि मग डावीकडे वळून अकोले, राजूर, शेंडी. (विदर्भातलं अकोला नव्हे बरं का! नगर जिल्ह्यातलं, म्हणजे २०२४पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. जीपीएसला नीट समजावून सांगा.) शेंडी हे धरणाच्या पायथ्याचं गाव. आपण सगळे ज्याला सरसकट भंडारदरा म्हणतो, तिथली बाजारपेठ ती हीच.

नारायणगावला मिसळ झाली. संवाद एकूण तीन. ‘‘तिखट आहे का?’’ ‘‘पाव आणखी सांगू?’’ ‘‘बिल मी देतो.’’ संगमनेर ओलांडून अकोल्याकडे लागलो आणि रस्त्यानं प्रवरा नदीची सोबत धरली, तसे बाबा खिडकीला चिकटले. ऊस दिसला की मान वळायची, पाट दिसला की मान वळायची. राजूरला पेढे घेतले. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत रंधा धबधबा आला.

रंधा बघाच. प्रवरा इथं जवळजवळ १७० फूट खाली कोसळते. ऑगस्टमध्ये तिचं रौद्र रूप असतं. आम्ही गेलो तेव्हा पाऊस सरला होता, पण धार अजून जाड होती आणि तुषार कठड्यापर्यंत येत होते. शेजारीच घोरपडादेवीचं देऊळ आहे. कठड्याच्या पलीकडे सेल्फीसाठी उतरणारे दोन वीर होते, सुरक्षारक्षकानं त्यांना सणसणीत शिव्या घालून परत बोलावलं. शिव्या ऐकून बाबा दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर हसले.

शेंडीत शिरल्यावर मी टेंटची वाट विचारणार, तोच बाबा म्हणाले, ‘‘आधी धरण.’’

धरणाचं नाव विल्सन डॅम. बांधकाम १९१०मध्ये सुरू झालं आणि १९२६मध्ये पूर्ण झालं. त्या वेळचे मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव भिंतीला आणि मागच्या जलाशयाला नाव आर्थर लेकचं. भिंत साधारण ८२ मीटर उंच, पाण्याची साठवण ११ टीएमसी. धरणाखाली बाग आहे. भिंतीच्या मोरीतून पाणी सोडलेलं असलं, की खडकावरून ते छत्रीसारखं गोल पसरत खाली येतं, तोच सुप्रसिद्ध ‘अंब्रेला फॉल’. आम्ही गेलो त्या दिवशी छत्री मिटलेली होती. मी हिरमुसले. बाबा मात्र त्या भिंतीकडे मान वर करून कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मग मला म्हटलं, की स्वतःशीच, कळलं नाही...

‘‘म्हणजे इथून सुटायचं होय!’’

मी ‘काय?’ असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. घड्याळात बघितलं. शीटप्रमाणे आम्ही पन्नास मिनिटं लेट होतो.

गोल गोल कयाक

टेंट तलावाच्या अगदी काठावर होता. समोर पाणी, पलीकडे डोंगर, मागे खुरासणीची पिवळीजर्द शेतं. फोटो बघून वाटतं ना, ‘हे एडिट केलेलं असणार’? तसा नजारा. बुकिंगमध्ये दोघांची कयाक होती. मला वाटलं, बाबा काठावर बसून माझा व्हिडिओ काढतील. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, लाइफ जॅकेटचे पट्टे दोनदा तपासले (बँकेतली सवय!) आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

कयाकिंगचा फंडा सोपा आहे. दोघांनी एकाच बाजूला, एकाच वेळी वल्हं मारायचं. पुढच्यानं ताल धरायचा, मागच्यानं दिशा. मात्र त्यासाठी दोघांनी एकमेकांशी बोलावं लागतं. आम्ही बोलत नव्हतो. ते डावीकडे मारायचे, मीही डावीकडे, मग दोघंही घाईघाईनं उजवीकडे. वीस मिनिटं आम्ही काठापासून शंभर फुटांवर गोल गोल फिरत राहिलो. काठावरची लहान पोरं टाळ्या वाजवायला लागली. शेवटी बाबा ओरडले, ‘‘अगं, तोंडानं सांग ना, डावं की उजवं!’’

‘‘डावं!’’ मी ओरडले. ‘‘आता उजवं! डावं!’’ कयाक सरळ निघाली. दोन महिन्यांतलं आमचं हे सर्वांत मोठं संभाषण.

एक सूचना इथंच देऊन टाकते. लाइफ जॅकेट काढून पाण्यात ‘जरा डुंबून येतो’ असं करू नका. काठ उथळ दिसतो, पण तो जुना डोंगरउतारच आहे. दोन पावलांवर तळ सुटतो, खाली गाळ असतो. पोहता येणारी माणसंही अशाच ठिकाणी बुडतात.

संध्याकाळ झकास गेली. रात्र मात्र... साडेआठला शेजारच्या ग्रुपनं स्पीकर काढला. आमच्या कॅम्पवाल्यानं त्याला उत्तर म्हणून आपला मोठा स्पीकर काढला. दहा वाजता अख्ख्या तलावाला पार्टी साँग्ज ऐकू येत होती. दोनदा सांगून बघितलं, ‘‘मॅडम, लोक एन्जॉय करायला येतात’’ असं उत्तर मिळालं. अकरा वाजता टेंटमध्ये बाबा दिसले नाहीत. शोधलं, तर गाडीत काचा वर करून, कानात रुमालाचे बोळे घालून बसले होते. दोन वाजता कळसूबाईला निघायचा अलार्म वाजला, तेव्हा मी जागीच होते. अलार्म बंद केला आणि एक्सेल शीट डिलीट केली. खरंच, तिथल्या तिथं!

रतनवाडीची दुपार

सकाळी सामान गाडीत टाकलं आणि तलावाच्या कडेकडेनं रतनवाडीला निघालो. शेंडीपासून वीसेक किलोमीटर, पण तासभर लागतो आणि लागू द्यावा. रस्ता खड्ड्यांचा आहे, दोन्ही बाजूंना भातखाचरं पिकून सोनेरी झालेली. वाटेत वनखात्याचा नाका लागतो, पावती फाडावी लागते. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. शिलाहार काळातलं मानतात. बाहेरून बघताना शिखरावर नजर ठरत नाही, इतकं कोरीवकाम. आत काळोख, गारवा आणि छतावर दगडातली नक्षी. देवळाजवळ बांधीव पुष्करणी आहे, तिच्या भिंतीत देवड्या आणि देवड्यांत मूर्ती. मागे रतनगड उभा. त्याच्या माथ्यावर खडकाला आरपार भोक आहे, त्याला ‘नेढं’ म्हणतात. ट्रेकर मंडळी त्या नेढ्यात बसून वारा खायला म्हणून तीन-चार तास चढतात. प्रवरेचा उगम याच रतनगडाच्या कुशीतला. हे सगळं मी बाबांना गाइडच्या थाटात सांगत होते. ते म्हणाले, ‘‘आणि हीच पुढं नेवाश्याला जाते. ज्ञानेश्वरी जिच्या काठी सांगितली गेली, ती हीच.’’ मी गप्प. मास कॉमच्या डिग्रीत हे नव्हतं.

चहाच्या टपरीवरच्या मावशींना सहज विचारलं, ‘‘जेवायला मिळेल का इथं कुठं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मिळंल की. राहायला बी मिळंल. घर हाय आमचं.’’

घर म्हणजे शेणानं सारवलेली पडवी, आत दोन खोल्या, मागे पत्र्याची स्वच्छ मोरी आणि संडास. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, खुरासणीची चटणी, कांदा आणि वाफाळता भात. भाताचा वास आला आणि मी विचारलं, ‘‘मावशी, बासमती?’’ मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. तो होता काळभात. या भागातलं जुनं, सुवासिक वाण. अशी जुनी वाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. ‘बीजमाता’ म्हणून त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वाचलं असेल. मीही वाचलं होतं, पण चव पहिल्यांदाच कळली.

जेवण झाल्यावर मावशींनी पडवीत दोन गोधड्या टाकल्या. मी म्हटलं, जरा पाठ टेकते. फोनला रेंज नव्हती, म्हणून उशाला ठेवून दिला. वाऱ्याची झुळूक, लांब कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा... जाग आली तेव्हा उन्हं उतरलेली. साडेतीन तास! मंडळी, मी गेलं वर्षभर गोळी न घेता दुपारी काय, रात्रीसुद्धा सलग एवढी झोपलेली नव्हते. वेलनेस रिट्रीटवर मी चार लेख लिहिलेत. त्या चारांचा निचोड इथं एका गोधडीत होता.

शेजारी बाबा जागे होते, खांबाला टेकून. म्हणाले, ‘‘घोरत होतीस.’’

‘‘उद्या जायचं ना सकाळी?’’ मी विचारलं.

‘‘तुला कुठं ऑफिस आहे?’’ हा टोमणा मी दोन वर्षं ऐकतेय. पहिल्यांदाच त्याचं हसू आलं. आम्ही मुक्काम वाढवला.

पाणी कुणाचं?

रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बाजा टाकल्या. दिवाळीच्या आधीची अंधारी रात्र, त्यात दिवे मोजून चार. वर बघितलं आणि ‘अरे बापरे’ एवढंच तोंडातून निघालं. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, उत्तरेला शर्मिष्ठेचा ‘एम’. बाबा बोटानं एकेक दाखवत होते. मी म्हटलं, ‘‘तुम्हाला कसं माहीत हे सगळं?’’

‘‘दारं धरायला जायचो ना रात्री. वर बघण्याशिवाय काम काय?’’

आणि मग बाबा बोलायला लागले. कॅनॉलचं पाणी पाळीनं यायचं. ‘भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं’ असं गावात कळलं, की घराघरांत लगबग. संगमनेरजवळच्या ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे दोन कालवे निघतात, गाव डाव्या कालव्यावर. पाटकरी नंबर लावून द्यायचा. नंबर रात्री दोनचा आला, तर रात्री दोनला शेतात. आजोबा पुढे कंदील घेऊन, मागे दहा वर्षांचे बाबा फावडं घेऊन. वाफा भरला की मातीनं त्याचं दार बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. थंडीत पाय बधिर व्हायचे.

‘‘मी विचारायचो, हे पाणी येतं कुठून? अण्णा म्हणायचे, भंडारदऱ्याहून. केवढं आहे धरण? तर म्हणायचे, बघू एकदा जाऊन. मग शिक्षण झालं, नोकरी लागली, पुण्याला आलो. अण्णांना एकदा आणू म्हणत राहिलो. ते गेले. मीही कधी आलो नाही.’’

मी अंधारात बघत राहिले. ‘म्हणजे इथून सुटायचं होय!’ या वाक्याचा अर्थ आत्ता लागत होता.

तेवढ्यात घरचे मामा, आमच्याच शेजारी बाजेवर बसलेले, तंबाखू मळत हसले. म्हणाले, ‘‘भाऊ, तुमच्या वावरात पाणी आलं ते आमच्या वावरावरून आलं.’’

‘‘म्हंजे?’’ बाबा एकदम गावच्या बोलीत गेले.

मामांनी तळ्याच्या दिशेनं हात केला. धरण झालं तेव्हा त्यांच्या पणज्याची चांगली खाचरं पाण्याखाली गेली. मंडळी वर सरकली, उताराची, मुरमाड जमीन वाट्याला आली. ‘‘आता बघा, डोळ्यांपुढं एवढं पाणी. पर एप्रिल-मेला बाया हंडा घेऊन लांब जात्यात. पाणी खाली जातं. खालच्यांचा ऊस होतो.’’ आवाजात राग नव्हता. बँकेचं पासबुक वाचावं तसं सांगत होते.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.’’

‘‘तुम्ही तरी कुणाला इचारणार?’’ मामांनी तंबाखू पुढं केली. बाबांनी ती घेतली! तीस वर्षांपूर्वी सोडलेली. आईला हे कळवायचं नाही, असं तिथंच ठरलं.

भंडारदऱ्याच्या ब्रोशरमध्ये हे सापडत नाही. धरण, धबधबा, सनसेट पॉइंट, झालं. पण हा डोंगर रिकामा नाही. इथं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. पाण्याची भांडणंही इथली जुनीच. खाली निळवंडे धरण झालं, त्याच्या डाव्या कालव्यात पाणी खेळायला २०२३ साल उजाडावं लागलं. आपण दोन दिवस येतो, तळ्यात कयाक गोल फिरवतो आणि जातो. कुणाच्या तरी खाचरावर तरंगत असतो, एवढं माहीत असलेलं बरं.

मामा आत झोपायला गेल्यावर मी शेवटी बोलले. ‘‘बाबा, जमिनीचं... तुम्ही तेव्हाच नाही म्हणायचं होतं ना.’’

‘‘विकायचीच नाही असं माझं म्हणणं नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुला घर हवं, बरोबर आहे. पण तू मला विचारलं नाहीस. हिशोब सांगितलास.’’

यावर काय बोलणार? मी वर बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःची शाल माझ्या पायांवर टाकली.

विळा आणि एकशे चार पेंढ्या

सोमवारी सकाळी मामांच्या खाचरात भाताची सोंगणी होती. काळभात अजून उभा होता, पण हळवा भात कापणीला आलेला. मी उत्साहानं विळा मागितला. मावशींनी डाव्या मुठीत बुंधा कसा धरायचा, विळा जमिनीलगत स्वतःकडे कसा ओढायचा, ते दाखवलं. दहा मिनिटांत माझी कंबर गेली, पंधराव्या मिनिटाला करंगळी कापली. हळद लावून मला बांधावर बसवण्यात आलं.

बाबा मात्र वाकले ते वाकलेच. दुखरा गुडघा, बासष्ट वर्षं, पण विळा असा चालत होता, की जणू काल ठेवलेला आज उचललाय. गहू कापलेला हात तो, भाताला वेळ लागला नाही. मामा आणि बाबा शेजारी-शेजारी, मागे मावशी पेंढ्या बांधत. मध्येच मामांनी काहीतरी सांगितलं आणि बाबा खो-खो हसले. माझे बाबा असे हसतात, हे मला माहीत नव्हतं. मला माहीत असलेले बाबा आठ-दहाची लोकल पकडावी तसे सिटी बस पकडायचे, संध्याकाळी पासबुकांसारखा चेहरा घेऊन यायचे. हा माणूस कोण होता?

आमच्या वाट्याच्या तुकड्यात एकशे चार पेंढ्या झाल्या. मोजायचं काम माझं. निघताना मावशींनी दोन किलो काळभात बांधून दिला. पैसे घ्यायला तयार नव्हत्या. बाबांनी हळूच त्यांच्या नातीच्या दप्तरात ठेवले.

परतीच्या वाटेवर बाबांनी शेंडीला पुन्हा गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, भिंतीकडे बघून हात जोडले. देवळात जोडतात तसे नाही, एखाद्या ओळखीच्या माणसाला रामराम करावा तसे. गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘‘एकदा गावी ये. आवर्तन सुटेल तेव्हा. रात्रीचा नंबर लागला तर बघ, जमतं का. त्यानंतर विक म्हणालीस, तरी सही करतो.’’

आता खरं सांगते. फ्लॅट सोडला. टोकनचे निम्मेच पैसे परत आले, त्याचा त्रास अजून होतो. ज्या तीन मैत्रिणी आल्या नाहीत, त्यांतल्या एकीनं त्याच बिल्डिंगमध्ये घर घेतलं, त्याचाही होतो. मी अजून आई-बाबांच्याच घरी आहे आणि बाबा अजून शेजाऱ्यांना ‘सध्या घरीच असते’ सांगतात. जमिनीचं काय करायचं, ठरलेलं नाही. पण चुलतकाकांना मी स्वतः फोन केला, आवर्तन कधी सुटतं ते विचारायला. ते एवढे चकित झाले, की त्यांनी आधी विचारलं, ‘‘सगळे बरे आहेत ना?’’

बरे आहेत. थेट बोलतात.

तर मित्रांनो, पुढच्या लाँग वीकेंडला मैत्रिणींनी दगा दिला, तर निराश होऊ नका. घरात पेपरच्या आड कोण बसलंय, ते एकदा बघा. मग काय, भरताय ना बॅग?

जाण्यापूर्वी एवढं वाचा...

कसं जाल? : पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे शेंडी. मुंबईहून कसारा-इगतपुरी-घोटीमार्गे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाल्यापासून मुंबईकरांना कसारा घाट टाळता येतो. रेल्वेनं यायचं तर इगतपुरीला उतरा, पुढं एसटी किंवा जीप.

कधी जाल? : जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे आणि भन्नाट गर्दी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोनकी आणि खुरासणीची फुलं, भरलेलं तळं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी, तारे आणि ट्रेक. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे. काजव्यांना जात असाल, तर टॉर्च, फ्लॅश आणि गाडीचे हेडलाइट बंद. त्यांचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते, आपल्या उजेडात ती हरवते.

काय कराल? : बारीहून कळसूबाई (१,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर), अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. रतनवाडीहून रतनगड. घाटघरचा कोकणकडा. सांदण दरी पावसाळ्यात अजिबात नको, त्या अरुंद घळीत पाण्याचा लोंढा आला तर पळायला जागा नसते. दरीत उतरताना स्थानिक वाटाड्या घ्याच.

कुठं राहाल? : शेंडीत हॉटेलं आहेत, तलावाकाठी टेंट आहेत. टेंट बुक करताना ‘रात्री स्पीकर किती वाजता बंद होतो?’ हा प्रश्न आधी विचारा. रतनवाडी, घाटघर, साम्रद या गावांत घरगुती सोय होते.

काय न्याल? : टॉर्च, स्वेटर, सुटे पैसे (रेंज नसली की ऑनलाइन पेमेंटही नाही), पाण्याची बाटली. कचरा परत आणायला एक पिशवी. आणि जमलं तर, बाबा.